हिमोग्लोबिन 18 आणि पांढऱ्या पेशी 12 हजार: वडिलांच्या रिपोर्टला घाबरायचं का?

प्रश्न असा आला आहे: "बाबा 54 वर्षांचे, साखर कारखान्यात बॉयलरवर आहेत. हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 18.2, हेमॅटोक्रिट 54.6, पांढऱ्या पेशी 12,400, प्लेटलेट 4 लाख 10 हजार. सर्जननी ऑपरेशन थांबवलं आणि रक्ताच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. तीस वर्षं विडी ओढतात. मधुमेह आहे, आठ महिन्यांपासून डापाग्लिफ्लोझिन नावाची गोळी सुरू आहे. रात्री जोरात घोरतात. ब्लड कॅन्सर असू शकतो का? आणि तोपर्यंत रक्तदान केलं तर आकडा उतरेल का?"

आधी थेट उत्तर देतो. ब्लड कॅन्सरपेक्षा जास्त शक्यता असलेली तीन कारणं तुम्ही प्रश्नातच लिहून ठेवली आहेत: विडी, ती गोळी आणि घोरणं. तरीही हा आकडा "ऊन आहे, पाणी प्या" म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तुमच्या सर्जननी ऑपरेशन थांबवलं ते बरोबर केलं. दाट रक्त घेऊन टेबलावर गेलेल्या माणसाच्या पायात किंवा फुप्फुसात गुठळी होण्याची भीती असते, आणि साधा हर्निया काही आठवडे थांबू शकतो.

आता जरा सविस्तर, कारण असे रिपोर्ट मला आठवड्यातून दोन-चार तरी येतात आणि प्रत्येक घरात घोळ एकाच जागी झालेला असतो. घोळ "पेशी" या शब्दातच आहे. आपल्याकडे "पेशी कमी झाल्या" म्हटलं की समोरचा डेंग्यू समजतो, म्हणजे प्लेटलेट. "पांढऱ्या पेशी वाढल्या" म्हटलं की घरात सगळ्यांची जेवणं तशीच राहतात. आणि "रक्त वाढलं" ही तर आनंदाची बातमी! बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सार्थकी लागले. हिमोग्लोबिन 19 असलेल्या माणसाला शेजाऱ्यांनी "पैलवानाचं रक्त आहे" म्हणून शाबासकी दिलेली मी ऐकली आहे. सहा महिन्यांनी त्याच माणसाला पक्षाघाताचा झटका आला.

तेव्हा पहिला प्रश्न हा: कोणती पेशी वाढली? तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी रक्तात जेमतेम काही तास ते एखादा दिवस असते. त्यामुळे पांढऱ्या पेशी सकाळी 15 हजार आणि परवा 9 हजार असू शकतात, त्यात आश्चर्य काही नाही. तांबड्या पेशींचं तसं नाही. त्यांचा आकडा चढायला आठवडे लागतात, आणि चढला की त्यामागे बहुधा बरेच दिवस चाललेलं काहीतरी असतं. म्हणून बाबांच्या रिपोर्टात माझी नजर 12,400 वर थांबत नाही, ती 54.6 वर थांबते.

दुसरा प्रश्न: वाढ खरी आहे का? हेमॅटोक्रिट म्हणजे रक्ताच्या एकूण आकारमानात तांबड्या पेशींचा वाटा, टक्क्यांमध्ये. रस्सा आटला की त्यातले बटाटे जास्त दिसायला लागतात, बटाटे काही वाढलेले नसतात. तसंच रक्तातलं पाणी कमी झालं की पेशी जास्त दिसतात. जुलाब-उलट्या, लघवी वाढवणाऱ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, मे महिन्यात दिवसभर शेतात काम, ही त्याची रोजची कारणं. डेंग्यूमध्ये तर हीच गोष्ट जीव वाचवते किंवा घेते. सगळं घर प्लेटलेटचा आकडा विचारत असतं, आणि आम्ही डॉक्टर मात्र हेमॅटोक्रिट पाहत असतो. तो मूळ आकड्यापेक्षा 20 टक्क्यांनी चढला तर रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतंय असं समजायचं आणि सलाइनचं गणित लगेच बदलायचं.

लॅबमध्येही फसगत होते. दंडाला पट्टा आवळून दोन-तीन मिनिटं शीर शोधत बसलं तरी रक्त तिथल्या तिथे थोडं दाटतं. लग्नाच्या पंगतीत तुपातलं जेवून थेट रक्त द्यायला गेलेल्या माणसाचं, विशेषतः ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी मुळातच खूप असेल तर, प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पातळ भाग दुधासारखा दिसतो आणि मशीन त्या गढूळपणालाच हिमोग्लोबिन समजतं. हे ओळखायला एक जुना हिशोब आहे: हिमोग्लोबिनला तीनने गुणा, उत्तर हेमॅटोक्रिटच्या जवळ यायला हवं. बाबांचं 18.2 गुणिले 3 बरोबर 54.6. बरोब्बर जुळतं. म्हणजे मशीनने फसवलेलं नाही. तरीही मी एकाच रिपोर्टवर कुणावर शिक्का मारत नाही. पोटभर पाणी पिऊन, दोनेक आठवड्यांनी, सकाळी पुन्हा एकदा तपासणी. ती करताना लॅबला आवर्जून सांगा की स्लाइड करून (रक्ताचा थेंब काचेवर पसरून) पॅथॉलॉजिस्टने डोळ्यांनी पाहायची आहे. शंभर-दोनशे रुपयांच्या त्या काचेने जितकी निदानं मला दिली तितकी महागड्या स्कॅननीही दिली नसतील.

समजा पुन्हा तेच आलं. पुरुषात हिमोग्लोबिन 16.5 च्या वर किंवा हेमॅटोक्रिट 49 च्या वर, आणि बाईत 16 किंवा 48 च्या वर टिकून राहिलं, की आम्ही शोधाला लागतो. शोधाची वाट मूत्रपिंडातून जाते. मूत्रपिंडाला ऑक्सिजन कमी मिळाला की ते एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांमधल्या पेशींच्या कारखान्याला, सांगतं, माल वाढवा. निरोगी माणसाच्या हाडात दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी तयार होतात, म्हणजे हा कारखाना तुमच्या बाबांच्या कारखान्यासारखा चार-पाच महिन्यांचा नाही, बारमाही आहे. पेशींना ऑक्सिजन कमी आहे हे कळतं कसं, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना 2019 चं नोबेल मिळालं. आमच्या कामासाठी त्यातून एवढं घ्यायचं: मागणी खरी आहे म्हणून माल वाढलाय, की मागणी नसतानाच मज्जा मनमानी करतेय? या दोन रस्त्यांवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

मागणी खरी असण्याची उदाहरणं आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. सातारा-सांगलीकडचे फौजेतले जवान लडाखहून सुटीवर आले की हिमोग्लोबिन 18 च्या पुढे असतं. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, ठाणी त्याहून उंच. काही आठवडे गावी राहिलं की ते आपोआप उतरतं, कॅन्सरच्या तपासण्या करत बसायचं नसतं. चुलीपुढे चाळीस वर्षं काढलेल्या बाया, ज्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही, त्यांचीही फुप्फुसं धुराने निकामी झालेली असतात आणि रक्त दाट. जन्मजात हृदयदोषामुळे ओठ-नखं निळी राहिलेली मुलं याच रांगेत.

विडीची गंमत वेगळी आहे, आणि ती बऱ्याच डॉक्टरांच्याही लक्षात राहत नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. म्हणजे हिमोग्लोबिन आहे, पण त्यातलं काही कामाचं नाही. शरीर ती तूट नव्या पेशी काढून भरतं. आणि बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर, कोविडनंतर घरोघरी आलेलं, त्याला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरकच कळत नाही. ते खुशाल 98 दाखवतं. विडी ओढणाऱ्याचा "ऑक्सिजन तर छान आहे" हा दाखला म्हणूनच मी मानत नाही. त्यासाठी कार्बॉक्सिहिमोग्लोबिन मोजावं लागतं. विडी-सिगरेटीने पांढऱ्या पेशीही थोड्या चढ्या राहतात, 11 ते 14 हजारांच्या घरात. तुमच्या बाबांच्या 12,400 चं उत्तर तिथे असण्याची शक्यता बरीच आहे.

घोरण्याबद्दल तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, मला मात्र ते महत्त्वाचं वाटतं. आईला विचारा: घोरता घोरता श्वास थांबतो का, मग धडपडून परत सुरू होतो का, दुपारी बसल्या बसल्या डोळा लागतो का. झोपेत रात्रभर ऑक्सिजन खाली-वर होत असेल तर मूत्रपिंड रात्रपाळीत संप्रेरक सोडत राहतं. एकट्या घोरण्याने आकडा फार चढत नाही, पण विडीच्या जोडीला असेल तर भर घालतो.

आता ती गोळी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा फायदा आहे, हे मोठ्या अभ्यासांत दिसलंय. 2020 मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट भारतात संपलं, गोळी स्वस्त झाली आणि तालुक्याच्या दवाखान्यातही पोहोचली. तेव्हापासून माझ्याकडे "रक्त वाढलंय" म्हणून पाठवलेल्यांत या गोळीवरचे पेशंट वाढले. हेमॅटोक्रिट दोन-तीन अंकांनी चढतो, पहिल्या दोन-तीन महिन्यांत. थोडा भाग पाणी कमी झाल्याचा, बराचसा भाग एरिथ्रोपोएटिन वाढल्याचा. म्हणजे 48 चे 51 होणं या गोळीने समजू शकतं, 54.6 एकट्या गोळीच्या माथी मारता येत नाही. गोळी मनाने बंद करू नका, साखर उधळेल. पण सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तिचं नाव नक्की सांगा, कारण ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी ती थांबवायची असते. नाहीतर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठतं, आणि ते चटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

औषधांवरून आठवलं. तिशीच्या आतला, पिळदार शरीराचा मुलगा हिमोग्लोबिन 19 घेऊन येतो आणि वडील शेजारी बसलेले असतात, तेव्हा मी वडिलांना काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवतो. मग मुलगा जिममधल्या इंजेक्शनांबद्दल बोलतो. टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढतात, हे आम्हाला पाठ आहे. त्या मुलांना सांगितलेलं नसतं.

क्वचित मागणी खोटी असते: मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या गाठीतून संप्रेरक सुटतं. मूत्रपिंड बदललेल्या काही पेशंटांतही रक्त वाढतं. पोटाची एक सोनोग्राफी यासाठीच करायची, आणि त्याच खेपेला पाणथरी म्हणजे प्लीहा मोजून घ्यायची.

दुसरा रस्ता मनमानीचा, म्हणजे मज्जेनेच हुकमाशिवाय तांबड्या पेशी काढत राहण्याच्या आजाराचा: पॉलिसायथेमिया व्हेरा. पॅरिसच्या व्हाकेझ यांनी 1892 मध्ये पहिला पेशंट नोंदवला, ऑस्लर यांनी 1903 मध्ये त्याचं नीट चित्र उभं केलं. पण कोडं सुटलं 2005 मध्ये, जेव्हा जॅक-टू नावाच्या जनुकातला एकच बदल यातल्या सुमारे 95 टक्के पेशंटांत सापडला. बदल जन्मजात नसतो, पुढे कधीतरी मज्जेतल्या एका पेशीत होतो, त्यामुळे "मुलांना होईल का" या प्रश्नाला बहुतेक घरांत उत्तर "नाही" असं आहे. या बदलाने पेशीला एरिथ्रोपोएटिनचा हुकूम लागतच नाही. म्हणून या आजारात रक्तातलं एरिथ्रोपोएटिन कमी निघतं, तर विडी-घोरण्याच्या वाटेवर ते सहसा नॉर्मल किंवा जास्त. जॅक-टूची तपासणी दंडातल्या साध्या रक्तावर होते, काही हजार रुपये लागतात, हाडाला सुई लगेच लावावी लागत नाही.

बाबांना मी तपासायला घेतलं तर हे विचारीन: गरम पाण्याने आंघोळ केल्यावर अंगाला खाज सुटते का? पुरळ नाही, काही नाही, नुसती टाचण्या टोचल्यासारखी खाज. पाण्यात असं काय आहे म्हणून लोक साबण बदलतात, बोअरचं पाणी सोडतात, त्वचेच्या डॉक्टरांच्या तीन खेपा होतात. मग तळपाय लाल होऊन आग होते का, जेवल्यावर लवकर पोट भरतं का, डाव्या फासळीखाली जड वाटतं का, अंगठ्याला गाऊटचा झटका येऊन गेला का.

एका बाईंची गोष्ट सांगतो. हिमोग्लोबिन 15.8, तांबड्या पेशी बारीक, लोह तपासलं तर तळाला गेलेलं. दोन वर्षं कुठे ना कुठे लोहाच्या गोळ्या चालू. गोळ्या घेतल्या की डोकं दुखायचं, म्हणून त्या मधूनच बंद करायच्या, आणि प्रत्येक डॉक्टर रागवायचे. खरं तर मज्जेने सगळं लोह पेशी काढण्यातच संपवलेलं होतं. लोह कमी असल्यामुळेच आकडा 15.8 वर अडून राहिला होता. गोळ्या म्हणजे चुलीत लाकूड सारण्यासारखं. जॅक-टू पॉझिटिव्ह आलं. लोह कमी आणि हिमोग्लोबिन मात्र वरच्या काठावर, ही जोडी दिसली की थांबून विचार करायचा. त्या बाई स्वतःच्या डोकेदुखीवर विश्वास ठेवून गोळ्या बंद करत होत्या, आणि त्यांचंच बरोबर होतं.

हा आजार कॅन्सरच्या वर्गात मोडतो हे खरं, पण त्या शब्दाने डोळ्यांपुढे येतं तसं याचं वागणं नसतं. बहुतेक लोक वर्षानुवर्षं कामधंदा करत जगतात. खरा धोका गुठळीचा. उपचारही जुन्या वळणाचा: शिरेतून 350-450 मिलिलिटर रक्त काढायचं, हेमॅटोक्रिट 45 च्या खाली ठेवायचा. 45 च का, तर 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या अभ्यासात तो 45 खाली ठेवलेल्यांपैकी 2.7 टक्के लोकांत हृदय-मेंदूचा जीवघेणा प्रसंग किंवा मोठी गुठळी झाली, 45 ते 50 मध्ये ढिलाई दिलेल्यांत 9.8 टक्के. जोडीला कमी मात्रेची ॲस्पिरिन, आणि साठीपुढच्यांना किंवा आधी गुठळी झालेल्यांना हायड्रॉक्सियुरिया ही पेशी कमी करणारी गोळी.

आता पांढऱ्या पेशी, कारण बाबांच्या निमित्ताने वाचणाऱ्या अनेकांचा प्रश्न तोच असेल. 4 ते 11 हजार ही ठरीव मर्यादा. 11 ते 20 हजारांत सर्वांत जास्त काय निघतं, तर जंतुसंसर्ग: दात, लघवी, फुप्फुस, अपेंडिक्स, पायाची जखम. गरोदरपणात 13-14 हजार असणं स्वाभाविक आहे, अँटिबायोटिक देत बसायचं कारण नाही. आणि स्टेरॉइड. सांधेदुखीवर कुठल्याशा गावात पुडी मिळते, दोन दिवसांत माणूस उड्या मारायला लागतो, तेव्हा त्या पुडीत मुळ्या कमी आणि स्टेरॉइड जास्त असतं. चेहरा गोल, साखर वाढलेली, पांढऱ्या पेशी 16 हजार. "कोणतंही औषध चालू नाही" असं सांगितलं जातं, कारण पुडीला कुणी औषध मानत नाही.

टक्के पाहून घाबरू नका. लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार 50 टक्के म्हणून समोर ठळक खूण दिसते, पण एकूण पेशी पाच हजार असतील तर लिम्फोसाइट झाले अडीच हजार, म्हणजे नॉर्मल. नेहमी गुणाकार करून बघा. इओसिनोफिल या दुसऱ्या प्रकाराचंही तेच. आठ हजारांत 12 टक्के म्हणजे 960. मर्यादा साधारण 500 ची. आपल्याकडे याची कारणं म्हणजे जंत, दमा, ॲलर्जी, एखादं औषध. विदर्भात हत्तीरोगाचा पट्टा आहे. तिथला माणूस महिनोन्महिने रात्रीच्या खोकल्याने बेजार असेल आणि इओसिनोफिल तीन हजारांच्या वर असतील, तर दम्याचे पंप आणि टीबीच्या गोळ्या यांच्याआधी हत्तीरोगाच्या जंताचा विचार करावा. हत्तीरोगावरच्या डीईसीच्या गोळ्यांनी असे पेशंट आठवड्याभरात शांत झोपलेले पाहिले आहेत. विदर्भ आणि नंदुरबारकडे सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार, आहे. त्यातल्या बऱ्याच पेशंटांची पाणथरी सुकून गेलेली असते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट सहसा चढ्या. त्यातून तांबड्या पेशींची कच्ची, केंद्रक असलेली पिल्लं रक्तात फिरतात आणि मशीन त्यांना पांढऱ्या पेशी म्हणून मोजतं. तिथेही काचेची स्लाइडच खरं सांगते.

पांढऱ्या पेशी 50 हजारांच्या वर असतील तर मात्र मी हातातलं काम सोडून रिपोर्ट बघतो. तीव्र संसर्ग, क्वचित टीबीसुद्धा, इथवर नेऊ शकतो. पण सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा सावकाश वाढणारा ब्लड कॅन्सर, इथेच सापडतो. आपल्याकडे तो तरुणांत बराच दिसतो. डाव्या बाजूला जड वाटतंय म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या खाणारा पस्तिशीतला माणूस, काउंट 2 लाख 40 हजार, आणि तो चालत ओपीडीत आलेला! स्लाइडवर पेशींच्या बालवाडीपासून पदवीपर्यंतच्या सगळ्या इयत्ता एकत्र बसलेल्या दिसतात. फिलाडेल्फियात 1960 मध्ये ज्या छोट्या गुणसूत्राने याची ओळख पटली, ते 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून होतं हे जॅनेट राउली यांनी 1973 मध्ये दाखवलं. 2001 मध्ये इमॅटिनिब ही त्यावरची गोळी आली. मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या घरात जायची, भारतीय जेनेरिक तिच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि जेनेरिक टिकलं. आज सीएमएलचा पेशंट गोळी न चुकवता घेत असेल तर जवळपास इतरांइतकं आयुष्य जगतो. मी त्यांच्या मुलांच्या लग्नाला गेलोय.

उलट, काउंट 14 हजारच आहे पण शेऱ्यात "ब्लास्ट" (अगदी कच्च्या, ब्लड कॅन्सरची शंका आणणाऱ्या पेशी) हा शब्द आहे, सोबत हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट खाली, ताप, हिरड्यांतून रक्त, तर उद्याची वाट पाहायची नाही. पेशी किती यापेक्षा त्या कशा दिसतात याला तिथे किंमत आहे.

प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर गेल्या तर पहिला संशय लोहाच्या कमतरतेवर घ्या, विशेषतः पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांत. हिमोग्लोबिन 8, प्लेटलेट 6 लाख. लोह दिलं की दोन-तीन महिन्यांत प्लेटलेट आपणहून जागेवर येतात. संसर्ग, टीबी, संधिवात, अपघातानंतर पाणथरी काढलेली असणं, हीही कारणं. यातलं काहीच नसेल आणि आकडा महिनोन्महिने उतरत नसेल तर जॅक-टू आणि त्याचे दोन चुलतभाऊ, कॅलआर आणि एमपीएल ही जनुकं, तपासायचे. प्लेटलेट दहा लाखांपुढे असताना मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये, कारण इतक्या प्लेटलेट असताना काहींना गुठळीऐवजी रक्तस्राव होतो. आणखी एक: अशा रक्तात पोटॅशियम उगाच वाढलेलं येतं, कारण नळीत रक्त गोठताना प्लेटलेट ते बाहेर टाकतात. त्यासाठी एकाला मध्यरात्री आयसीयूत भरती केलेलं मी पाहिलंय. ईसीजी साफ होता.

आणि एक रिपोर्ट असा, की ज्यात "आरबीसी काउंट", म्हणजे तांबड्या पेशींची संख्या, 6.1 दशलक्ष, ठळक अक्षरांत वाढलेला, पण हिमोग्लोबिन 11. लोक विचारतात, वाढलंय की कमी झालंय? दोन्ही. पेशी संख्येने जास्त पण आकाराने बारीक. हे बहुधा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा सौम्य प्रकार. पेशीचा सरासरी आकार म्हणजे एमसीव्ही, त्याला आरबीसी काउंटने भागा. एमसीव्ही 64 असेल तर 64 भागिले 6.1 म्हणजे साडेदहा. 13 च्या खाली आलं की हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी तपासणी करून घ्या. सिंधी, कच्छी, लोहाणा कुटुंबांत हे ठाऊक असतं, पण इतर समाजांतही सापडतं. त्या माणसाला स्वतःला काही होत नाही. जोडीदारही मायनर निघाला तर प्रत्येक गर्भारपणात मेजर, म्हणजे तीव्र प्रकाराचं, मूल होण्याची शक्यता चारात एक. पत्रिका जुळवताना हा एक कागद मागवत चला, असं मी माझ्या पेशंटांना सांगतो.

तर बाबांचं काय करायचं. दोन आठवड्यांनी पुन्हा सीबीसी (पेशींची पूर्ण मोजणी) आणि स्लाइड. एरिथ्रोपोएटिन, जॅक-टू, फेरिटिन (लोहाचा साठा), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, जमल्यास कार्बॉक्सिहिमोग्लोबिन आणि झोपेची तपासणी. जॅक-टू निगेटिव्ह आणि एरिथ्रोपोएटिन नॉर्मल आलं तर गोळी बदलायची का ते मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून ठरेल. विडी मात्र आजच बंद. ती सोडली की काही आठवड्यांत आकडा खाली सरकायला लागतो, आणि मग कारण काय होतं ते रिपोर्टच सांगतो. या मधल्या काळात एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, एका डोळ्यापुढे अंधारी, एकच पोटरी सुजणं, यातलं काही झालं तर माझ्यासारख्याच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट मोठ्या दवाखान्यात.

रक्तदानाबद्दल: नको. शिबिरात जाऊन आकडा उतरवला तर उद्या माझ्यापुढे येणारा रिपोर्ट खोटा असेल, आणि निदान होईपर्यंत ते रक्त दुसऱ्याला देणंही योग्य नाही. पॉलिसायथेमिया व्हेरा निघाला तर रक्त काढायचंच आहे, पण उपचार म्हणून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, आणि ती पिशवी रक्तपेढी नष्ट करते. घोरण्या-विडीमुळे असेल तर रक्त काढण्याचा सरसकट उपयोग नसतो. ते लागेल की नाही हे ऑपरेशनच्या तारखेप्रमाणे ठरवू.

आणि येताना एक काम करा. बॉयलरवरच्या कामगारांचं कारखान्यात दरवर्षी मेडिकल होत असेल. त्याचे गेल्या पाच-सात वर्षांचे कागद घेऊन या. हिमोग्लोबिन पाच-सात वर्षांपूर्वीही 17.5 होतं की गेल्या वर्षी 15 होतं, एवढं कळलं तरी माझं अर्धं काम झालेलं असेल.